जुना सांगाडा, नवे इंजिन

भिवंडीत यंत्र सहसा भंगारात जात नाही. सुटा भाग बदलून जुनाच माग चालविणे ही या गावची रीत. मोटारसायकलीलाही तीच दृष्टी लावली जाते. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. मग येझ्दीच्या मालकाने मिस्त्रीकडून दुसरी चाके, दुसरे शॉकअब्सॉर्बर बसविले, तर ती गरज समजू शकते. परंतु इंजिन अधिक ताकदीचे आणि ब्रेक मात्र जुनेच? वेग दुप्पट झाला की गाडी थांबविण्याचे काम चौपट होते, आणि शेजारीच नाशिक महामार्ग आहे! नोंदणीशी विसंगत बदल कलम ५२ ने निषिद्ध आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दंड ठरला. दंडाआधी ब्रेक तपासून देणारी सोय गावातच झाली, तर मिस्त्रीही ती नाकारणार नाही.