सतरंजीचे सगेसोयरे

आमच्या वऱ्हाडात लग्नघर असो की हरिनाम सप्ताह, आधी सतरंजी अंथरली जाते आणि मग माणसे जमतात. अकोल्याकडे नाव घेतात ते अकोटच्या सतरंजीचे. मांडीखालच्या या जिनसेचे सगेसोयरे इराणच्या डोंगरांत आहेत, हे मला शब्दांचा माग काढताना कळले.

‘सतरंजी’ हा शब्द ‘शतरंज’वरून, बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकड्यांवरून, आला असे मानतात. ‘गालिचा’ही फारसीच. आणि आपली जाजम? ‘जाजीम’ म्हणजे इराणमधल्या शाहसेवन वगैरे भटक्या टोळ्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे लोकरी विणकाम! नवल नाही, १४९० ते १५७४ या काळात एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, इमादशाहीची राजधानी होते आणि दख्खनच्या दरबारांत फारसीचा मान होता.

गालिच्यात ताण्याच्या धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ मारतात. सतरंजीत गाठ नाही. म्हणून ती दोन्ही बाजूंनी अंथरता येते. काशकाई टोळीच्या बायका आपल्याच मेंढ्यांची लोकर कातत. लाल रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा, पिवळा डाळिंबाच्या सालींचा. माग जमिनीवर आडवा, खुंट्यांना ताणलेला. मुक्काम हलला, की खुंट्या उपटायच्या आणि अर्धा गालिचा गुंडाळून पुढच्या वाटेला लागायचे. नक्षी कागदावर नसे; आईकडून लेकीकडे येई. नव्याने रंगवलेल्या लोकरीची छटा थोडी वेगळी पडे. आज जाणकार त्यालाच दाद देतात.

ही कला फार जुनी. सायबेरियातल्या पाझिरिक येथे १९४९ मध्ये बर्फात गोठलेल्या थडग्यातून निघालेला गालिचा सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. १९३०च्या दशकात रझाशहाने टोळ्यांना सक्तीने एका जागी बसवले, तरी त्यांची वीण टिकली. २०१० मध्ये ‘युनेस्को’ने फार्स प्रांतातल्या या कौशल्याला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

आपल्या सतरंजीला असा मान कोण देणार? गालिचा भिंतीवर चढला, संग्रहालयात गेला. सतरंजी पंगतीत, कीर्तनात, आजारपणात झिजली. जे झिजते, ते कोणी जपून ठेवत नाही. प्लॅस्टिकची चटई स्वस्त पडते, हेही खरे. पण माझ्या आजोळच्या सतरंजीच्या काठावर गावाचे नाव विणलेले आहे. ते नाव घालताना विणकराने धागे मोजले असतील. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी असेल. तिचे पायपुसणे करण्याआधी काठ एकदा उलगडून वाचा.