तानपुरा बसतो का?

"मॅडम, सनरूफ बघा ना," सेल्समन तिसऱ्यांदा म्हणाला. मी त्या वेळी शिंप्याची टेप घेऊन डिकीत वाकले होते. माझ्या अटी दोनच होत्या: मागच्या सीटवर सासूबाईंचा बदललेला गुडघा नीट राहिला पाहिजे आणि माझा तानपुरा आडवा मावला पाहिजे. मी गाणं शिकवते. कार्यक्रमाला निघालो की नवरा चालवणार, मागे सासूबाई आणि एक विद्यार्थिनी, आणि दोघींच्या मधे तानपुऱ्याची दांडी.

जर्मन बिल्ल्याची गाडी हवी हा हट्ट नवऱ्याचा. दीर म्हणाले, "एवढ्या पैशांत इनोव्हा येईल, वर चार पैसे उरतील." त्यांचं चुकत नव्हतं. पण आमच्या सोसायटीत गाडी साडेचार मीटरच्या पुढे गेली की शेजाऱ्यांची स्कूटर अडते. म्हणजे लहान गाडी आणि आत मोठी जागा, असा हिशोब.

तो जमतो कसा, हे बीएमडब्ल्यू एक्स-वनच्या इतिहासात छान दिसतं. 2009 ची पहिली एक्स-वन मागच्या चाकांवर चालणाऱ्या घराण्यातली. तिचं इंजिन उभं, लांबीच्या दिशेने बसवलेलं, त्यामुळे नाकच भलं मोठं आणि मागे गुडघे आवळून बसायचं. 2015 च्या दुसऱ्या पिढीत इंजिन आडवं झालं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2760 मिलिमीटरवरून 2670 वर आलं, तरी मागे पाय पसरायला जागा झाली आणि डिकी 420 लिटरची 505 झाली. गाडी आखडली आणि आतून वाढली! ही युक्ती रुळवली 1959 च्या मिनीने. ॲलेक इसिगोनिसने इंजिन आडवं टाकून दहा फुटांच्या गाडीत चार माणसं बसवली होती. पुढे मिनी बीएमडब्ल्यूकडेच गेली आणि एक्स-वनची ही दुसरी पिढी मिनीच्याच सांगाड्यावर उभी राहिली.

लिटरच्या आकड्यांना मात्र भुलू नका. डिकी मोजतात ती 20 सेंटिमीटर लांब, 10 रुंद आणि 5 जाड असे एकेक लिटरचे ठोकळे रचून. ठोकळा कोपऱ्यात शिरतो. तानपुऱ्याचा भोपळा शिरत नाही. शिवाय आपल्याकडे काही गाड्यांत स्टेपनी डिकीच्या तळावरच ठेवलेली असते. कागदावरची जागा मग कागदावरच राहते.

मर्सिडीजची जीएलए दिसायला देखणी, पण मला तिची डिकी तोकडी वाटली. जीएलबी सात जणांची म्हणून घरात सगळे खूश झाले. पण तिसऱ्या रांगेसाठी कंपनीच 168 सेंटिमीटर उंचीची मर्यादा सांगते, आणि माझा मुलगा पावणेसहा फुटांचा. ती रांग उभी केली की डिकीत पिशव्यांपुरतीच जागा उरते. वर लांबी साडेचार मीटरच्या पुढे. स्कूटर आठवली.

2022 साली इथे आलेल्या ऑडी क्यू-थ्रीची मागची सीट 15 सेंटिमीटर पुढे-मागे सरकते. सगळी मागे ठेवली तर डिकी 530 लिटरची, सगळी पुढे ओढली तर 675. मी ती पूर्ण मागे सारली. सासूबाई दार उघडून सरळ टेकल्या, ना वाकल्या ना चढल्या. "गुडघा लागत नाही गं," म्हणाल्या. मग पाठीचा मधला अरुंद भाग पाडला, भोपळा गादीसकट डिकीत ठेवला आणि दांडी दोघींच्या मधून पुढे घेतली. खुंट्यांना कुठे धक्का नाही. तीन हिश्श्यांत पाडता येणारी अशी पाठ एक्स-वनलाही आहे, पण सरकणाऱ्या सीटने माझा निकाल लावला.

खोट एकच. मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा मधून जातो, त्यामुळे पायाखाली चांगलाच उंचवटा. मधे बसणाऱ्याने पाय ठेवायचे कुठे?

आम्ही क्यू-थ्री घेतली. दुसरी विद्यार्थिनी रिक्षाने येते.