भिन्न धर्मांतील दोघांचे प्रेम आणि विवाह : ख्रिस्तसभेचा नियम काय सांगतो?

छोट्या गावात प्रेम फार काळ लपून राहत नाही. कॉलेजच्या वाटेवर, एस.टी. स्थानकावर किंवा सकाळच्या लोकलमध्ये दोघे दोन-चार वेळा एकत्र दिसले की सायंकाळपर्यंत ती वार्ता दोन्ही घरी पोहोचलेली असते. त्यातून मुलगी कॅथलिक आणि मुलगा हिंदू, बौद्ध अथवा मुस्लिम असला, किंवा मुलगा कॅथलिक आणि मुलगी अन्य धर्माची असली, तर घरात एकदम शांतता पसरते. आई रडते, वडील बोलणे सोडतात, नातेवाईक सल्ले देऊ लागतात. आणि ज्या धर्मगुरूंकडे सर्वांत आधी जायला हवे, त्यांच्याकडे बहुधा सर्वांत शेवटी जाणे होते.

असे का घडते? आमच्या मते यामागे दोन गैरसमज आहेत. ‘आपले लग्न चर्चमध्ये होऊच शकत नाही’ हा पहिला, आणि ‘जोडीदाराने बाप्तिस्मा घेतल्याशिवाय फादर दारात उभे करणार नाहीत’ हा दुसरा. या समजुतीपोटी कित्येक तरुण-तरुणी थेट विवाह नोंदणी कार्यालय गाठतात आणि पुढे वर्षानुवर्षे ख्रिस्तप्रसादापासून दूर राहतात. मिस्साला येतात, मागच्या बाकावर बसतात आणि सर्वजण रांगेत उभे राहिले की मान खाली घालतात. हे दुःख पुष्कळ वेळा टाळता येण्यासारखे असते. म्हणून या विषयावर ख्रिस्तसभेचा नियम आणि देशाचा कायदा काय सांगतो, ते येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

रूथ आणि बवाज

जुन्या करारातील रूथचे पुस्तक हे एका छोट्या गावातलेच प्रेम आहे. रूथ मवाबी, परकी, विधवा आणि निर्धन. बवाज बेथलेहेमचा प्रतिष्ठित जमीनदार. जवाच्या कापणीच्या दिवसांत ती त्याच्या शेतात मागे पडलेली कणसे वेचायला येते, आणि ही कोण, कोठली, याची चर्चा तिच्या आधीच गावात पोहोचलेली असते. मवाबी लोकांविषयी इस्राएलमध्ये तीव्र अढी होती. नियमशास्त्रातही त्यांच्याविरुद्ध कठोर शब्द आहेत. तरीही बवाजने तिचा स्वीकार केला. त्यांचा पुत्र ओबेद हा दावीद राजाचा आजोबा, आणि संत मत्तयने येशूच्या वंशावळीत रूथचे नाव आवर्जून नोंदवले आहे.

अर्थात रूथने आपल्या सासूचा देव हा स्वतःचा देव मानला होता, त्यामुळे या कथेत आजच्या प्रत्येक प्रश्नाचे तयार उत्तर शोधू नये. मात्र बवाजच्या वागण्यातली एक गोष्ट आजही शिकण्यासारखी आहे. त्याने काहीही लपूनछपून केले नाही. ज्या जवळच्या नातलगाचा पहिला हक्क होता त्याला त्याने आधी विचारले आणि गावच्या वेशीवर, दहा वडीलधाऱ्यांच्या साक्षीने, आपला निर्णय जाहीर केला. ख्रिस्तसभेच्या विवाहविषयक नियमांचा गाभाही हाच आहे : विवाह उघडपणे, साक्षीदारांसमोर आणि एकमेकांना पूर्ण सत्य सांगून व्हावा.

नियमातील दोन प्रकार

सध्याची धर्मविधिसंहिता १९८३ साली अमलात आली. तिच्यात अशा विवाहांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत होता कामा नये.

कॅथलिक व्यक्तीचा विवाह बाप्तिस्मा झालेल्या दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती व्यक्तीशी, उदाहरणार्थ प्रॉटेस्टंट व्यक्तीशी, होत असेल तर तो ‘मिश्र विवाह’ होय. त्यासाठी धर्माधिकाऱ्यांची परवानगी लागते. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असल्यामुळे हा विवाह साक्रामेंत असतो.

दुसरा प्रकार म्हणजे बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह. येथे कॅनन १०८६ नुसार ‘धर्मभिन्नतेचा अडथळा’ येतो. बिशपांकडून या अडथळ्यातून सूट मिळाल्याशिवाय असा विवाह ख्रिस्तसभेच्या दृष्टीने वैध होत नाही. सूट मिळाल्यावर मात्र तो खरा आणि वैध विवाह असतो. तो साक्रामेंत मानला जात नाही, कारण दोघांपैकी एकाचा बाप्तिस्मा झालेला नाही; पण त्यामुळे पती-पत्नीची निष्ठा, जबाबदारी आणि विवाहबंधाचे गांभीर्य कमी होत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौल सांगतो की विश्वास न ठेवणारा पती पत्नीमुळे व तशी पत्नी पतीमुळे पवित्र होते. अशा घरातही देवाची कृपा काम करते, हा ख्रिस्तसभेचा आरंभापासूनचा विश्वास आहे.

वचन कोण देतो?

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. सूट देण्यापूर्वी कॅनन ११२५ तीन गोष्टी मागतो. पहिली, कॅथलिक व्यक्तीने आपली श्रद्धा सोडण्याचा धोका टाळण्याची तयारी दाखवावी आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत बाप्तिस्मा व संस्कार देण्यासाठी आपल्याकडून शक्य ते सर्व करण्याचे मनापासून वचन द्यावे. दुसरी, या वचनाची जोडीदाराला वेळेवर आणि स्पष्ट कल्पना द्यावी. तिसरी, विवाहाचे हेतू आणि त्याचे आवश्यक गुणधर्म, म्हणजे एकपतिपत्नीत्व व अखंडत्व, दोघांनाही समजावून सांगावेत आणि दोघांपैकी कोणीही ते नाकारू नयेत.

वचन कॅथलिक व्यक्तीने द्यायचे आहे, हे येथे लक्षात घ्यावे. १९१७ च्या संहितेनुसार अन्य धर्माच्या जोडीदाराकडूनही तशी हमी घेतली जात असे. परमगुरुस्वामी सहावे पॉल यांनी १९७० साली हा नियम बदलला. आज जोडीदाराला धर्म बदलण्याची अट नाही आणि मुलांविषयी त्याने प्रतिज्ञा करावी अशीही अट नाही. त्याला सर्व ठाऊक असावे, इतकेच अपेक्षित आहे. ज्याला स्वखुशीने बाप्तिस्मा हवा असेल त्याचे स्वागतच आहे. तथापि तो श्रद्धेचा निर्णय असावा, पुरेशी तयारी करून घेतलेला असावा. केवळ लग्नाची तारीख गाठण्यासाठी घेतलेला बाप्तिस्मा पुढे दोघांनाही जड जातो.

‘शक्य ते सर्व’ या शब्दांमागे मोठा संसार दडलेला आहे. बाळाचे बारसे होईल की बाप्तिस्मा? रविवारी मिस्साला जाताना मुले सोबत येतील का? घरच्या गणपतीत सुनेने काय करायचे आणि नाताळच्या रात्री जावयाने काय करायचे? एखाद्याच्या मृत्यूनंतर अंत्यविधी कोणत्या पद्धतीने होईल? हे प्रश्न लग्नाआधी विचारणे अवघड वाटते, पण लग्नानंतर सासू-सासऱ्यांसमोर ते सोडवणे कितीतरी पटीने अवघड असते. जे प्रेम हे प्रश्न सहन करू शकत नाही, त्याला अजून वेळ द्यायला हवा.

विधी कसा होतो?

विवाह धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू किंवा त्यांनी अधिकार दिलेले धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर व्हावा लागतो. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी होणारा विवाह सामान्यतः मिस्साविना, वाचने, संमती व प्रार्थना अशा क्रमाने साजरा होतो. तो चर्चमध्ये किंवा अन्य योग्य ठिकाणी होऊ शकतो. समोरच्या कुटुंबाच्या तीव्र विरोधासारखी गंभीर अडचण असेल तर बिशप या विधीच्या स्वरूपातूनही सूट देऊ शकतात. मात्र तेव्हाही विवाह कोणत्या तरी सार्वजनिक पद्धतीने होणे आवश्यक आहे.

‘सकाळी चर्च आणि सायंकाळी मंडपात सप्तपदी’ असा तोडगा अनेकदा सुचवला जातो. कॅनन ११२७ नुसार विवाहाची संमती देण्यासाठी किंवा ती पुन्हा उच्चारण्यासाठी दुसरा धार्मिक विधी करता येत नाही. विवाह एकदाच होतो. हळद, जेवणावळ, आहेर, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडणे यांविषयी मात्र धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे. सासरच्या मंडळींचा मान राखण्याचे पुष्कळ मार्ग त्यातून निघतात.

देशाचा कायदा

वधू-वरांपैकी एक जण जरी ख्रिस्ती असला तरी १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली विवाह होऊ शकतो. म्हणून चर्चमध्ये रीतसर झालेल्या व नोंदलेल्या अशा विवाहाला कायद्याचीही मान्यता असते. याउलट १९५५ चा हिंदू विवाह कायदा दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो; बौद्ध, जैन व शीख यांचाही त्यात समावेश आहे. हिंदू व ख्रिस्ती व्यक्तींनी या कायद्याखाली केलेला विवाह वैध ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. देवळात हार घालून सुरू झालेला संसार उद्या न्यायालयात उभा राहिला तर सर्वाधिक नुकसान बहुधा स्त्रीचेच होते, हे आईवडिलांनी ध्यानात घ्यावे.

तिसरा मार्ग १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. त्यासाठी मुलाचे वय २१ आणि मुलीचे १८ पूर्ण हवे, आणि दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य केलेले हवे. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिल्यावर ती कार्यालयात लावली जाते, आक्षेपांसाठी ३० दिवसांची मुदत असते, आणि मग तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह न झाल्यास नवी नोटीस द्यावी लागते. या कायद्याखाली विवाह करणाऱ्या भिन्नधर्मीय दांपत्याच्या वारसाहक्काला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. गोव्यात विवाहनोंदणीची पद्धत वेगळी आहे आणि काही राज्यांत धर्मांतराविषयी स्वतंत्र कायदे आहेत; तेथील वाचकांनी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.

तथापि केवळ नोंदणी कार्यालयातील सही कॅथलिक व्यक्तीसाठी पुरेशी नाही. बिशपांची सूट नसेल तर तो विवाह देशाच्या दृष्टीने वैध, पण ख्रिस्तसभेच्या दृष्टीने अवैध राहतो.

आधीच नोंदणी विवाह झाला असेल तर?

अशा वाचकांसाठी आम्ही मुद्दाम लिहितो : दार बंद झालेले नाही. दोघांपैकी कोणाचाही आधीचा विवाहबंध आड येत नसेल, तर आवश्यक सूट घेऊन आणि संमती नव्याने देऊन तुमचा विवाह ख्रिस्तसभेत वैध करता येतो. हा विधी साधेपणाने, मोजक्या माणसांतही होऊ शकतो. जोडीदार चर्चमध्ये यायला तयार नसेल, पण संसार टिकवण्याची त्याची इच्छा कायम असेल, तर संमती पुन्हा न उच्चारता विवाह मुळापासून वैध करण्याची तरतूदही संहितेत आहे आणि तसा अधिकार बिशपांकडे आहे. कित्येक वर्षे मागच्या बाकावर बसलेल्या श्रद्धावंतांना हे ठाऊकच नसते. मुलांच्या बाप्तिस्म्याविषयीही खुशाल विचारावे. आईवडिलांपैकी एकाची संमती आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा असेल तर मार्ग निघतो.

आईवडिलांना दोन शब्द

आपल्या मुलाची श्रद्धा टिकेल का, ही तुमची चिंता योग्य आहे आणि ख्रिस्तसभाही ती वाहते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या बोधपत्रात अशा विवाहांतील अडचणी मान्य केल्या, आणि त्याच वेळी असे घर हे दोन धर्मांमधील रोजच्या संवादाचे ठिकाण होऊ शकते असेही म्हटले. परंतु एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. तोच मुलगा कॅथलिक असता, पण आपल्या जमातीचा, आपल्या बोलीचा, आपल्या तोलाचा नसता, तर आपण आनंदाने होकार दिला असता का? उत्तर ‘नाही’ असे आले, तर आपल्या विरोधात श्रद्धा किती आणि जात किती, हे तपासायला हवे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जे धुऊन निघायला हवे होते, ते लग्नाच्या बैठकीत पुन्हा वर येता कामा नये.

सज्ञान व्यक्तीला आपला जोडीदार निवडण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. डांबून ठेवणे, मोबाइल काढून घेणे, घाईने दुसरीकडे लग्न लावून देणे हे मार्ग कायद्यालाही मान्य नाहीत आणि शुभवर्तमानालाही नाहीत. लग्न तुम्हाला पटले नाही तरी घराचे दार उघडे ठेवा. संसारात पहिले वादळ येईल तेव्हा मुलीला माहेर असणे, आणि नातवंडांना क्रुसाची खूण करायला शिकवणारी आजी असणे, याहून मोठा आधार नाही.

तरुण मित्रमैत्रिणींना आमचे सांगणे एवढेच : हॉलची तारीख ठरवण्याआधी, निदान सहा महिने अगोदर, दोघे मिळून आपल्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना भेटा. बाप्तिस्म्याचा दाखला, वयाचा पुरावा, जोडीदार अविवाहित असल्याचा पुरावा, विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिर आणि बिशपांकडील अर्ज या सर्वांना वेळ लागतो. त्याहून अधिक वेळ दोन घरांना एकमेकांची ओळख पटायला लागतो.

– संपादक