लोणारच्या चिखलात पावसाची नोंद

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या शेजारी बोअर मारला. गाडी रात्री उशिरा आली, धुरळा घरात येऊ नये म्हणून साऱ्या गल्लीनं खिडक्या लावून घेतल्या. मी मात्र कुंपणापाशी उभा राहिलो. आधी काळी माती आली, मग मुरूम, मग काळ्या दगडाची राखाडी भुकटी. ती बराच वेळ येत राहिली. आणि एकाएकी तोंडातून विटेसारखा लाल चिखल उडायला लागला. गाडीवरचा पोरगा ओरडला, "भाऊ, लाल माती लागली! अजून केसिंग टाका लागते, नाही तर बोअर ढासयते."

त्याच्या लेखी ती खर्च वाढवणारी माती होती. मी मूठभर उचलून कागदात बांधून ठेवली.

वऱ्हाडाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेला लाव्हा. तो एका दमात आला नाही. एक थर यायचा, थंड व्हायचा, पुढचा थर येईपर्यंत मोठा काळ जायचा. तेवढ्या काळात वरचा दगड पावसानं कुजायचा, त्याची माती व्हायची. मग नवा लाव्हा येऊन ती माती भाजून काढायचा. बोअरवाल्यांची लाल माती बहुतेक ठिकाणी हीच. दोन उद्रेकांमधला निवांत काळ आणि त्या काळातला पाऊस, दोन्ही त्या मुठीत होते.

पण पाषाणातली ही नोंद फार जुनी आणि फार मोघम. आपल्याला हवा असतो माणसाच्या काळातला पाऊस. मृग बरसला की नाही यावर ज्या मुलखाची पेरणी, कर्ज आणि लग्नंसुद्धा ठरतात, तिथं 'पूर्वी पाऊस कसा होता' हा प्रश्न रिकामपणाचा नाही. त्याचं उत्तर शोधायला भूशास्त्रज्ञ आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात येतात, लोणारला.

लोणारचं विवर उल्कापातानं झालं, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण 1970च्या दशकापर्यंत ते ज्वालामुखीचं तोंड असावं असंही मानलं जाई. तळ्यात छिद्रं पाडून खालचा दगड वर काढला, तेव्हा त्यात प्रचंड धक्क्यानंच तयार होणारी काच सापडली. त्यावरचा लेख 1973 साली प्रसिद्ध झाला आणि वाद मिटला. विवराचा व्यास 1.8 किलोमीटरच्या आसपास. वयाबद्दल मात्र मतभेद आहेत. आधीच्या मोजणीत ते 50 हजार वर्षांच्या घरात निघालं, 2011 सालच्या मोजणीत साडेपाच लाखांच्या पुढं.

मला उल्केपेक्षा तळ्याच्या बुडातला चिखल मोलाचा वाटतो. लोणारचं तळं म्हणजे बंद भांडं. धारेचं, म्हणजे झऱ्याचं, पाणी आत येतं, पावसाचं येतं, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी कमी होतं ते मुख्यतः उन्हानं. पाऊस चांगला झाला की तळं भरतं, ओढ दिली की आटतं आणि खारं होत जातं. शिवाय बुडाशी प्राणवायू नाही, त्यामुळे चिखल उकरणारे किडे तिथं तगत नाहीत. वर्षानुवर्षं बसलेला गाळ थरावर थर तसाच राहतो.

2008 साली या गाळात नळ्या खुपसून सुमारे 10 मीटर लांबीचा सलग नमुना वर काढला गेला. सुषमा प्रसाद यांच्या नेतृत्वाखालच्या या कामात जर्मनीतल्या पॉट्सडॅमची भूविज्ञान संस्था होती, तशी नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्थाही होती. तीन मजली घराएवढ्या उंचीच्या त्या चिखलात सुमारे 11 हजार वर्षं मावली होती.

ती वाचायची कशी? नळी उभी चिरायची, म्हणजे थर उघडे पडतात. गाळात अडकलेल्या लाकडाच्या तुकड्यांतला किरणोत्सारी कार्बन मोजून वय काढायचं. परागकणांवरून आसपास कोणती झाडं होती ते कळतं. पानांवरच्या मेणाचा अंश हजारो वर्षं टिकतो आणि झाडी जास्त होती की गवत, हे सांगतो. पण सर्वांत बोलकी खूण निघाली ती गेलुसाइट नावाच्या खनिजाच्या स्फटिकांची. पाणी आटून तळं फार खारं झालं की हे स्फटिक धरतात. म्हणजे ज्या थरात स्फटिक, तो काळ दुष्काळी.

असे स्फटिक दोन पट्ट्यांत सापडले. पहिला सुमारे 4600 ते 3900 वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे 2000 ते 600 वर्षांपूर्वीचा. 2014 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि या कोरड्या काळांचा संबंध प्रशांत महासागराच्या उष्ण पाण्याशी जोडला गेला. पहिल्या काळाच्या अखेरीस सिंधू संस्कृतीची नगरं ओस पडू लागली, हे सर्वांना आठवतं. मला दुसरा काळ जास्त जवळचा वाटतो. त्याच काळात वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्माहून, म्हणजे आपल्या वाशीमहून, राज्य करत होती. लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच काळातलं. म्हणजे पाऊसमान एकूण कमी असतानाही इथं माणसं टिकून होती, देवळं उभारत होती. काठावरच्या कमळजा देवीच्या देवळाला आज पाणी चढलं की वेढा पडतो. ते बांधलं तेव्हा तळं बरंच खाली असावं, असा आपला माझा तर्क.

अकोल्याच्या उत्तरेला पूर्णा नदीचा गाळ हे असंच दुसरं दप्तर. तिथल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. 'इथं पूर्वी समुद्र होता' असं गावोगावी सांगतात. अभ्यासकांचा कल मात्र निचरा न होणाऱ्या खोल गाळाकडे आणि कोरड्या हवेत साठत गेलेल्या क्षारांकडे आहे. याच गाळात सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीची राख मिळाली आहे. तिकडं मोर्शीजवळ सालबर्डीला, जिथं महाशिवरात्रीला यात्रा भरते, डायनासोरची हाडं सापडली. अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागानं त्यावर काम केलं आहे.

हे सारं आपल्या दोन-तीन जिल्ह्यांत आहे आणि आपण ते बोअरच्या चिखलासारखं नालीत सोडून देतो. तुमच्याकडे बोअर किंवा विहीर झाली तर एवढं करा: किती फुटांवर काय लागलं ते वहीत लिहा, प्रत्येक थराची मूठभर माती पुडीत बांधून त्यावर फूट घाला आणि पुड्या जवळच्या शाळेत किंवा कॉलेजात नेऊन द्या. माझी लाल मातीची पुडी मी देणारच आहे.