कोयत्याची निवड : पाणी, वजन आणि मूठ

नांगर किंवा फवारणी पंप घ्यावयाचा झाल्यास शेतकरी चार ठिकाणी चौकशी करतो. कोयता मात्र बाजाराच्या दिवशी हाती लागेल तो उचलला जातो. वस्तुतः ज्या अवजाराशी माणसाचा हात दिवसभर बांधलेला असतो, त्याची निवड अधिक काळजीपूर्वक व्हावयास हवी. ऊसतोडणीच्या पट्ट्यात तर नवरा-बायकोच्या मजूरजोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात आणि मुकादम टोळीची मोजणी कोयत्यांवर करतो. ज्या अवजाराच्या नावाने माणसे मोजली जातात, त्याच्या गुणदोषांचा भार त्याच माणसांना सोसावा लागतो. तोडणीयंत्रे येऊ लागली असली तरी लहान व तुटक क्षेत्रांतील बराच ऊस हातानेच तोडला जातो. म्हणून हा विषय आजही महत्त्वाचा आहे.

कामाप्रमाणे कोयता

सर्व कामांना एकच कोयता चालत नाही. ऊसतोडणीसाठी पाते रुंद आणि टोकाकडे काहीसे जड असावे, म्हणजे हाताने फार जोर न लावता पात्याच्या वजनानेच ऊस एका घावात तुटतो. कोकणात राबासाठी कवळ तोडणे, कुंपणाच्या फांद्या छाटणे, नारळ सोलणे अशा कामांस आत वळलेल्या टोकाची कोयती सोयीची पडते. तिची चोच फांदीला धरून ठेवते व घाव निसटत नाही. गवत व भात कापण्यास विळा आणि जाड लाकडास कुऱ्हाडच वापरावी. कोयत्याने जाड लाकूड फोडण्याचा मोह धरल्यास पात्याचा तुकडा उडतो किंवा मूठ सैल होते.

पोलाद व पाणी

गावचा लोहार बहुधा मोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून कोयता घडवितो. हे पोलाद चांगले असते. तथापि पोलाद चांगले म्हणून कोयता चांगला असे होत नाही. सारे रहस्य ‘पाणी देण्यात’ आहे. पाते तांबडेलाल तापवून एकदम थंड केले म्हणजे ते कठीण होते, पण काचेप्रमाणे ठिसूळही होते. हा ठिसूळपणा घालविण्यासाठी पात्यास पुन्हा हलका ताव द्यावा लागतो. घासून उजळ केलेल्या पात्यावर या वेळी रंग चढत जातात. प्रथम फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा व शेवटी निळा. निळा रंग सुमारे ३०० अंश सेल्सिअसला येतो. घाव घालावयाच्या अवजारास जांभळ्या ते निळ्या रंगापर्यंतचा ताव मानवतो. पाठ मात्र धारेपेक्षा मऊ असावी, म्हणजे घावाचा धक्का ती सोसते.

खरेदीच्या वेळची पारख

१. धारेच्या रेषेवरून एका डोळ्याने पाहावे. पाते वाकडे असेल तर घाव वाकडाच पडणार.

२. पाते दोऱ्याने टांगून बोटाच्या पेराने ठोकावे. स्वच्छ नाद निघाल्यास पाते बहुधा अखंड असते. नाद फुटका वाटल्यास तडा शोधावा.

३. धारेवर कानस हलकेच ओढावी. ती सर्रकन घसरली तर पाते अति कठीण; लोण्यासारखी रुतली तर अति मऊ. कानस थोडी धरून चालली की पाणी बेताचे आहे असे समजावे.

४. वाळक्या बाभळीवर दोन-चार घाव घालून धार पाहावी. धार दुमडली तर पाणी कमी आहे, दातरे पडले तर जास्त आहे. विकणाऱ्याची यास हरकत असेल तर त्याचा कोयता न घेणेच बरे.

वजनाचा हिशेब

जड कोयता दमदार असतो, अशी समजूत आहे. ती हिशेबाने तपासून पाहावी. एका उसाचे वजन एक ते दीड किलो धरले तर एका टनात सुमारे सातशे ते हजार ऊस भरतात. प्रत्येकास बुडाशी एक व शेंड्याशी एक असे किमान दोन घाव लागतात, म्हणजे टनामागे चौदाशे ते दोन हजार घाव झाले. कोयता शंभर ग्रॅमने अकारण जड असेल तर एवढ्या घावांत १४० ते २०० किलो वजन हाताने फुकट उचललेले असते. संध्याकाळी मनगट व खांदा का दुखतो, याचे एक कारण येथे सापडते. विशेषतः स्त्रियांच्या हातात पुरुषाच्या मापाचा कोयता देऊ नये.

मुठीचेही तसेच आहे. मूठ धरली असता बोटांची टोके अंगठ्याला जेमतेम भिडावीत. फार जाड मुठीने पकड थकते आणि फार बारीक मूठ हातात फिरते. बाभळीसारख्या चिवट, वाळलेल्या लाकडाची मूठ चांगली. पात्याचे शेपूट मुठीत खोलवर गेलेले व खिळ्यांनी पक्के केलेले असावे. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी नसेल तर लाकूड चिरून पाते उडण्याचा धोका राहतो.

बोथट कोयता आणि खोडवा

उसाच्या बुडाकडील कांड्यांत साखर अधिक असते. तोड जमिनीलगत झाली नाही तर ती साखर शेतातच राहते आणि उंच राहिलेल्या बुडख्यांवरून वरचे डोळे फुटून खोडव्याचे फुटवे कमकुवत निघतात. बोथट धारेने बुडखा चिरतो व त्यात कूज शिरण्यास वाट मिळते. म्हणून सकाळी कामापूर्वी आणि दुपारी पुन्हा धार लावावी. कानशीने मूळचा उतार राखून घासावे व निसण्यावर शेवट करावा. विजेच्या चाकावर धार लावताना पाते निळे पडू लागल्यास तेथील पाणी उतरले असे समजावे. यास्तव पाते वरचेवर पाण्यात बुडवावे.

खोडवा खुरटविणारा एक जिवाणुजन्य रोग कोयत्यावाटेही एका उसातून दुसऱ्यात जातो. बेण्याच्या कांड्या तोडताना कोयता अधूनमधून जंतुनाशक द्रावणात बुडवून पुसावा. जाळावर धरू नये, कारण त्याने पाते मऊ पडते.

जपणूक व सावधगिरी

उघडे पाते हातात घेऊन वाटेने चालू नये. कोकणातील शेतकरी कमरेच्या आकडीत कोयता अडकवितो. इतरत्र जाड चामड्याचे किंवा रबराचे म्यान करावे. तोडणाऱ्या दोघांत पुरेसे अंतर असावे. ऊस धरणाऱ्या डाव्या हातात जाड हातमोजा घालावा व पायात बूट असावेत. जखम झाल्यास ती स्वच्छ पाण्याने धुऊन कापडाने दाबून धरावी आणि धनुर्वाताच्या लशीसाठी त्वरित दवाखान्यात जावे. हळद अथवा माती भरू नये. हंगाम संपताच पाते पुसून, तेलाचा हात फिरवून, मुलांच्या हाती लागणार नाही असे टांगावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एखादा दिवस लोहाराच्या भट्टीजवळ शेतकरी व तोडणी मजूर यांना एकत्र आणावे, वर सांगितलेली पारख प्रत्यक्ष करून दाखवावी आणि पाणी देण्यातील लोहाराचा अनुभवही ऐकावा. घासाघीस करून वाचलेले थोडे पैसे हंगामभर हातातून वसूल होतात, ही गोष्ट त्या दिवशी सर्वांच्या ध्यानी येईल.