दाब उतरला, पण श्रेय कोणाचे?
(काचबिंदूची लेखमाला : लेखांक ६)

काचबिंदूचे थेंब आयुष्यभर आणि नेमाने घालायचे असतात, तेही डोळा दुखत-खुपत नसताना. त्यामुळे ते मध्येच सुटतात, हे गेल्या लेखात आले आहे. मोतीबिंदूसाठी डोळ्याला छेद घेतलाच आहे, तर त्याच वाटेने काचबिंदूचीही काही तजवीज करावी, असा विचार पुढे आला तो यातूनच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये ‘आयस्टेंट’ला परवानगी दिली. ही टायटॅनियमची, जेमतेम एक मिलिमीटर लांबीची नळी. २०१८ मध्ये तिची आणखी छोटी आवृत्ती ‘आयस्टेंट इंजेक्ट’ आली आणि त्याच वर्षी आठ मिलिमीटरचा, वाकवता येणारा ‘हायड्रस’ही. डोळ्याच्या पुढच्या भागात मिनिटाला साधारण दोन-अडीच मायक्रोलिटर द्रव तयार होतो. बुबुळाच्या कडेच्या कोनात एक बारीक जाळी असते. तिच्यातून झिरपत तो श्लेमच्या नलिकेत आणि तिथून शिरांमध्ये जातो. उघड्या कोनाच्या काचबिंदूत अडथळा मुख्यतः या जाळीत असतो. स्टेंट जाळीला बगल देऊन द्रव थेट नलिकेत सोडतो. कल्पना देखणी आहे, आणि म्हणूनच तिचे आकडे जरा कठोरपणे तपासायला हवेत.

पहिला प्रश्न श्रेयाचा. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्याचा दाब मुळातच उतरतो, स्टेंट असो वा नसो. वाढलेला दाब असलेल्या रुग्णांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात केवळ या शस्त्रक्रियेनंतर सरासरी दाब पाऱ्याच्या २३.९ वरून १९.८ मिलिमीटरवर आलेला दिसला. त्यामुळे ‘स्टेंटनंतर दाब सातने उतरला’ हे वाक्य खरे असले तरी अर्धेच आहे. ‘आयस्टेंट इंजेक्ट’च्या ५०५ डोळ्यांवरील चाचणीत दोन वर्षांनी, औषधाविना मोजलेला दाब स्टेंटच्या गटात सरासरी ७.० ने उतरला होता आणि नुसत्या मोतीबिंदूच्या गटात ५.४ ने. दाब किमान २० टक्के उतरलेले डोळे पहिल्या गटात ७५.८ टक्के होते, दुसऱ्यात ६१.९. म्हणजे स्टेंटची स्वतःची कमाई दीडेक मिलिमीटरची. जाहिरातीत सात दिसतात. रुग्णाने पैसे मोजायचे ते या दीडसाठी.

मग एवढ्याशासाठी डोळ्यात धातू कशाला ठेवायचा? हा आक्षेप वजनदार आहे, पण निर्णायक नाही. स्वीडनमधल्या एका दीर्घ चाचणीत दाब प्रत्येक मिलिमीटरने उतरला की काचबिंदू वाढण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो, असे आढळले होते. त्या हिशेबाने दीड मिलिमीटर क्षुल्लक नाहीत. त्याहून बोलका पुरावा हायड्रसचा आहे. पाच वर्षांनी स्टेंट बसवलेल्यांपैकी ६६ टक्के रुग्ण थेंबांविना होते, नुसत्या मोतीबिंदूवाल्यांपैकी ४६ टक्के. काचबिंदूची मोठी शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता अनुक्रमे २.५ आणि ६.४ टक्के. माझ्या मते स्टेंटची खरी किंमत इथे आहे, दाबाच्या आकड्यापेक्षा थेंबांच्या बाटलीत. अर्थात नुसत्या मोतीबिंदूवाल्यांपैकी जवळपास निम्म्यांचे थेंब स्टेंटशिवायच सुटले, हेही याच आकड्यांत आहे. शिवाय या उपायाला निसर्गानेच तळ घालून दिला आहे. नलिकेतला द्रव शेवटी शिरांत जातो आणि त्या शिरांचा स्वतःचा दाब आठ-दहा मिलिमीटर असतो. त्याखाली स्टेंट दाब नेऊ शकत नाही, आणि प्रत्यक्षात त्या तळाच्या बराच वरच थांबतो. दृष्टीची नस बरीच सुकलेल्या रुग्णाला पुष्कळदा बाराच्या आतला दाब लागतो. तिथे १९६८ पासून चालत आलेली ट्रॅबेक्युलेक्टमीची शस्त्रक्रियाच अधिक भरवशाची आहे.

दुसरा प्रश्न काळाचा. ‘सायपास’ नावाचा स्टेंट जाळीऐवजी डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाच्या आतल्या बाजूने द्रव सोडत असे. दोन वर्षांच्या निकालांवर त्याला २०१६ मध्ये परवानगी मिळाली. पाच वर्षांची तपासणी झाली, तेव्हा पारपटलाच्या आतल्या थरातील पेशी स्टेंटच्या गटात २०.४ टक्के घटलेल्या निघाल्या, दुसऱ्या गटात १०.१ टक्के. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्पादक कंपनीने तो बाजारातून काढून घेतला. सायपासची जागा वेगळी होती, म्हणून त्याचा दोष सरसकट सगळ्या स्टेंटना लावू नये, हे मान्य. परंतु दोन वर्षांचे निकाल पुरेसे मानू नयेत, एवढे तरी त्यातून घेतलेच पाहिजे.

आपल्याकडे आणखी एक पाऊल आधी टाकावे लागते. या चाचण्या सौम्य ते मध्यम, उघड्या कोनाच्या काचबिंदूवर झाल्या. आशियात, भारत धरून, मिटत्या कोनाचा काचबिंदू बराच आढळतो, आणि त्यात भिंग काढणे हाच मोठा उपाय ठरू शकतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ईगल’ चाचणीत तर मोतीबिंदू नसलेलेही भिंग काढले, आणि तो मार्ग लेसरपेक्षा सरस ठरला. अशा डोळ्यात स्टेंटचा विषय निघण्याआधी गोनिओस्कोपी झालेली असावी. कोन आरशाच्या भिंगातून प्रत्यक्ष पाहण्याची ही तपासणी काही मिनिटांची असते. लेसरने जाळी मोकळी करण्याचा पर्याय पुढच्या आठवड्यात पाहू; त्याला तर मोतीबिंदू होण्याचीही वाट पाहावी लागत नाही.