इतका पाऊस पडतो, तरी गुहागर-अंजनवेलकडे मोठा तलाव का नाही?

मोबाईलवर मॅप उघडा आणि अंजनवेल शोधा. रत्नागिरी जिल्हा, गुहागर तालुका. गावाभोवती निळा रंग भरपूर दिसेल. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला दाभोळची खाडी. पण हे सगळं पाणी खारं. पुण्याजवळ पाषाण किंवा ठाण्यात मासुंदा असतो तसा गोड्या पाण्याचा मोठा तलाव काही सापडत नाही.

गंमत म्हणजे या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, एवढ्या पाण्यात तर समुद्र भरेल. भरतोच. पडलेलं पाणी फार वेळ जमिनीवर न थांबता समुद्रातच जातं.

याचं पहिलं कारण जमिनीचा आकार. इथे सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. नद्या आखूड, उतार तीव्र. पाणी साठायला सपाट, खोलगट जागाच कमी.

दुसरं कारण जांभा. कोकणातली घरं, गडगे, पायऱ्या ज्या तांबड्या चिऱ्यांच्या असतात, तो हा दगड. त्याचा तुकडा हातात घेतला तर स्पंजासारखी भोकं दिसतात. पावसाचं पाणी या भोकांतून आणि भेगांतून खाली उतरतं. जांभ्याच्या खाली बहुतेक ठिकाणी चिकट मातीचा थर असतो, त्याला शेडी म्हणतात. तिथे पाणी अडतं आणि आडवं वाहायला लागतं. मग डोंगराच्या उतारावर जिथे हा थर उघडा पडतो, तिथे झरा फुटतो. कोकणातले कितीतरी पाणवठे आणि देवळांजवळची कुंडं याच झऱ्यांवर आहेत.

पण स्पंज जसा पटकन भरतो, तसाच पटकन रिकामाही होतो. दिवाळीला खळखळणारा झरा शिमग्यापर्यंत बारीक होतो आणि मे महिन्यात कोरडा पडतो. जुलैमध्ये पुरात अडकलेल्या तालुक्यात मे महिन्यात टँकर का फिरतो, त्याचं उत्तर इथे आहे. म्हणून पावसाळा संपला की गावकरी ओढ्यांत सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घालतात. मोठं धरण नाही, पण विहिरींचं पाणी थोडं जास्त टिकतं.

माणसाने ठरवून बांधलं तर कोकणातही तलाव होतो. मालवण तालुक्यातला धामापूर तलाव 1530 सालचा आहे. दोन डोंगरांमध्ये बांध घालून पाणी अडवलेलं आहे. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळाली. पण अशी जागा प्रत्येक गावाच्या नशिबात नसते.

मग अंजनवेलला पाणी बघायला जायचं तर कुठे जायचं?

आधी गोपाळगड. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे दक्षिण बाजूला हा किल्ला आहे. विजापूरकर, शिवाजी महाराज, सिद्दी, आंग्रे, पेशवे आणि 1818 मध्ये इंग्रज, एवढ्या लोकांना तो हवा होता. कारण सरळ आहे. पलीकडच्या काठावरचं दाभोळ हे जुनं मोठं बंदर आणि तिथे जाणारं प्रत्येक गलबत या तोंडातूनच आत शिरणार. किल्ल्याभोवती जांभ्यात खोदलेला खंदक आहे आणि तो कोरडा आहे. आत विहिरी आहेत. जांभ्यावर खंदकात पाणी धरून ठेवणं अवघड आणि वेढा पडला तर प्यायला गोडं पाणी हवंच. बुरूज कितीही भक्कम असोत, समुद्रकाठच्या किल्ल्याचा जीव अशा विहिरींत असतो.

तटावरून खाली खाडी दिसते. त्या पाण्यात एक पाहुणा मिसळलेला आहे, त्याची गोष्ट सांगायलाच हवी. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी खरं तर बंगालच्या उपसागरात जायचं. पण कोयना धरणातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडलं जातं. तिथे वीज तयार होते, ते कोळकेवाडी धरणात येतं, पुन्हा वीज होते आणि मग ते वाशिष्ठीत सोडलं जातं. तिथून चिपळूणमार्गे थेट अंजनवेल-दाभोळच्या मधून अरबी समुद्रात. कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी पाणी असं पश्चिमेकडे वळवायला परवानगी दिली आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. म्हणजे भर उन्हाळ्यात डोंगरावरच्या वाडीत हंडे रांगेत असतात आणि खाली खाडीतून कोयनेचं पाणी वाहत जाऊन खारं होत असतं. हे पाणी मुंबईला न्या, कोकणाला द्या, अशा योजना वर्षानुवर्षं चर्चेत आहेत. मुंबईचं नाव आधी येतं, हे कोकणातल्या माणसाला खटकलं तर नवल नाही.

किल्ल्यापासून जवळच टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह आहे. दुसऱ्या बाजूला दिसतो तो पूर्वीचा एन्रॉनचा, आताचा रत्नागिरी गॅसचा वीज प्रकल्प. त्याच्या एलएनजी टर्मिनलची लाटा अडवणारी भिंत अर्धवट राहिल्यामुळे ते अनेक वर्षं पावसाळ्यात बंद ठेवावं लागत होतं. पावसाळ्यात समुद्र काय करू शकतो, याचा यापेक्षा महागडा पुरावा शोधून सापडणार नाही.

गोड्या पाण्याची खरी जादू मात्र गुहागरच्या किनाऱ्यावर आहे. समुद्राच्या इतकं जवळ नारळ-पोफळीच्या बागा आणि बागांतल्या विहिरींना गोडं पाणी, हे कसं? गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी असतं. हाच हिशेब उलटाही चालतो. उपसा करून पातळी एक फूट उतरवली की खारं पाणी चाळीस फूट वर सरकायला बघतं. बैलाच्या रहाटाने हे कधी बिघडत नव्हतं. मोटार दिवसभर चालू ठेवली तर बिघडतं आणि एकदा विहीर खारट झाली की ती सुधारायला बरेच पावसाळे लागतात. होमस्टेमध्ये नळ वाहता ठेवताना हे आठवलं तर बरं.

डबकी बघायची हौस असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यावर जा. जांभ्याच्या उघड्या पठाराला सडा म्हणतात. काळ्या कातळावरच्या खळग्यांत वीतभर पाणी साठतं आणि काठाला निळी-जांभळी सीतेची आसवं फुलतात. हे रोपटं दिसायला नाजूक, पण कीटक खातं. फक्त गाडी रस्त्यावर ठेवा, सड्यावर चढवू नका.

आता पाण्यात उतरण्याबद्दल. वाशिष्ठीत चिपळूणच्या बाजूला मगरी आहेत, त्यामुळे नदीत पोहायचं नाव नको. समुद्राचं वेळापत्रक कळायला कोकणात जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. सप्तमी असेल तर सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाच. अमावास्या आणि पौर्णिमा दोन्ही पंधरा धरा, सव्वाअकरा येतात. दिवसाला दोन भरत्या, म्हणून ही वेळ सकाळ-रात्र दोन्हीकडे लागू. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. साधारण सहा तासांनी ओहोटी.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी जोरात बाहेर ओढतं. नदीचं पाणी आणि भरतीचं आत आलेलं पाणी, दोन्ही त्या चिंचोळ्या वाटेने एकदम निघालेलं असतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथे उलटं येता येत नाही.

खाडी ओलांडायची तर धोपावे-दाभोळ फेरीबोट आहे. 2003 पासून सुरू आहे, गाडीसकट काही मिनिटांत पलीकडे. मधोमध आलात की पश्चिमेकडे बघा, गोपाळगडाचा डोंगर आणि समुद्राचं तोंड एकाच चौकटीत दिसतं.